त्रेसष्ट वजा एक

जामीन मंजूर, पण माणूस आत.
अशी त्रेसष्ट नावं मिळाली मला
दोन वर्षांच्या रजिस्टरात,
कारकुनाच्या मागच्या लोखंडी रॅकपाशी,
जिथे पंखा आहे पण त्याचं तोंड साहेबांकडे.

माझ्या तक्त्याला रकाने अकरा.
कलम. अटकेची तारीख. जामिनाची रक्कम.
नववा रकाना : न सुटण्याचं कारण.
पहिल्या दिवशी तिथे मी पूर्ण वाक्य लिहिलं,
दुसऱ्या आठवड्यात नुसतं 'जामीनदार नाही',
मग 'सदर'.
सदर. सदर. सदर.

एकेचाळिसाव्या ओळीत धनसिंग झिंगर काळे,
राहणार सेटलमेंट.
यंत्रमागाच्या मोटारीतली तांब्याची तार, साडेतीन किलो,
तीही त्याच्याजवळ सापडलेली नाही.
जामीन पंधरा हजारांचा. आत चौदा महिने.
सेटलमेंटभोवतीचं तारेचं कुंपण कधीच निघालं, म्हणतात.
फिर्यादीत एकदा तो पत्ता आला
की पुढचं लिहायला हवालदाराला कष्ट पडत नाहीत.
(हे वाक्य हिप्परगी मॅडमनी खोडलं.
समासात लाल शाईनं : पुरावा?)

बरोबरच आहे. पुरावा हवा.
मी आडनावं मोजायला बसले.

घरी आई विड्या मोजत होती.
विडी घरकुलात सातनंतर जरा वारा येतो,
तेव्हा मांडीवर सूप घेऊन ती उंबऱ्यात,
शेवटच्या दोनशे राहिलेल्या.
उद्या कारखान्यात चेकर मूठभर बाजूला सारेल :
छाट.
का, ते तो सांगत नाही. ती विचारत नाही.

"तुझ्या वहीतली माणसं छाटच की,"
पान कातरता कातरता म्हणाली, वर न बघता.
"त्या एकेचाळीसला कोण पायजे?"
म्हटलं, पत असलेलं कुणीही.
सातबारा, नाहीतर पगाराची स्लिप.
"फंडाचं पुस्तक चालतंय का?"

तीस वर्षांच्या विड्यांचा फंड.
मी म्हटलं, आई, संशोधकानं नमुन्यात हात घालायचा नसतो.
"मी कुठं संशोधक हाय?"

कोर्टात ती ठेवणीतलं पातळ नेसून आली,
बोटांना तरी तंबाखूचा वास.
आरोपी तुमचा कोण लागतो?
कुणी न्हाई.
मग ओळख कशी?
ती माझ्याकडे बघेल म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं.
"पोरीच्या वहीत नाव हाय त्याचं."
कारकुनानं लिहिलं 'परिचित'
आणि पुस्तकाच्या दोन झेरॉक्स मागितल्या.

तो सुटला तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते.
पाया वगैरे पडला नाही.
आईनं पिशवीतून कडक भाकरी काढून दिली, सोबत शेंगाचटणीची पुडी.
"तारखेला ये बाबा. न्हाईतर माझं फंड जातंय."
त्यानं मान हलवली. हो म्हणून, की काय,
ते मला अजून नोंदवता आलेलं नाही.

विभागात मॅडमनी पानं उलटली, चष्मा काढला.
नमुना दूषित झाला, बोद्दुल. एकेचाळीस काढून टाक.
मग जाता जाता, दारातून :
तळटीप मात्र दे. खरी दे.

दिली. पान एकशे बारा.
'एका प्रकरणात संशोधकाच्या आईने जामीन दिल्याने
ते प्रकरण विश्लेषणातून वगळले आहे.'
शेवटच्या प्रकरणात शिफारस पाचवी,
जातमुचलक्याबद्दल. साडेतीन पानं.
त्यातल्या एकाही ओळीत आई नाही.

आज तारीख.
बाहेर चव्वेचाळीस अंश, आत खोकल्यांचे आवाज.
आई साडेदहापासून बाकावर आहे.
हातात पान नाही, सूप नाही,
तरी बोटं आपली वळतायत काहीतरी.
बासष्ट जणांचं मी सांगू शकते, टक्केवारीसकट.

पट्टेवाला दारात येतो, पुकारा करतो :
धनसिंग झिंगर काळे...

आई उठून उभी राहते.